तेलाच्या डब्याचा चिकटा आणि उजेडात गोठणारं रोगण

स्वयंपाकघरातला तेलाचा डबा हातात घेऊन पाहा. आतलं तेल पातळ, सळसळीत असतं. पण डब्याच्या तोंडापाशी, जिथे थेंब ओघळून महिनोन्‌महिने तसेच राहिलेत, तिथे पिवळसर, डिंकासारखा थर बसलेला असतो. नखानं खरवडला तर त्याची गोळी होते. साबणानं निघत नाही, गरम पाण्यानंही निघत नाही. आमच्या घरी करडईचं तेल असायचं आणि तो चिकटा काढायला आई राख आणि काथ्या घेऊन बसायची. शेजारच्या काकूंच्या शेंगतेलाच्या डब्याला असा चिकटा धरत नाही, आपल्याच डब्याला का धरतो, असं तिनं मला शाळेत असताना विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर आलं नाही. आज मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवतो आणि पॉलिमरचा धडा दरवर्षी याच डब्यापासून सुरू करतो.

तो चिकटा म्हणजे आपोआप तयार झालेलं रोगण आहे. लाकडाला, पत्र्याला, कागदाला पाण्यापासून आणि घासण्यापासून वाचवणारा जो पातळ थर आपण देतो, त्याचाच हा घरगुती भाऊ. वनस्पतीच्या तेलापासून असा थर मुद्दाम, काही सेकंदांत, फक्त उजेड टाकून करता येतो, आणि तो अधिक टणक, अधिक टिकाऊ कसा होईल यावर जगभर काम चाललंय. हा विषय आपल्या जिल्ह्याच्या फार जवळचा आहे असं मला मनापासून वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी तेलाचा रेणू. ग्लिसरीनचा एक छोटा तुकडा आणि त्याला लटकलेली तीन लांब शेपटं, असं त्याचं रूप. शेपटं म्हणजे मेदाम्लं. आपल्या खाण्यातल्या बहुतेक तेलांत ती १८ कार्बनची माळ असते. माळेत मध्येच कुठेतरी दोन कार्बनांमध्ये एकेरीऐवजी दुहेरी बंध असतो. सगळी गंमत या दुहेरी बंधांत आहे. त्यांच्या शेजारचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो आणि एका रेणूचं शेपूट दुसऱ्याच्या शेपटाला जोडलं जातं, मग तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या. सोलापुरात हे समजवायला मागाइतकं सोपं उदाहरण नाही. सुटं सूत बोटांतून निसटतं. तेच ताण्या-बाण्यात अडकलं की चादर होते, ओढली तरी सुटत नाही. डब्यातलं तेल सुटं सूत, आणि तोंडावरचा चिकटा म्हणजे त्याच सुताची वीण.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. शेंगतेलाच्या एका रेणूत सरासरी ३ च्या थोडे वर दुहेरी बंध असतात, करडईच्या तेलात ५ च्या आसपास, जवसाच्या तेलात ६ हून जास्त. खोबरेल तेलात तर चार-पाच रेणू चाळले तेव्हा एखादा सापडायचा. हे मोजायचं माप म्हणजे आयोडीन मूल्य: खोबरेलाचं ६ ते ११, शेंगतेलाचं ८५ ते १०५, करडईचं १३५ ते १५०, जवसाचं १७० च्या वर. जितके दुहेरी बंध जास्त, तितकी वीण घट्ट आणि लवकर. काचेच्या तीन पट्ट्यांवर ही तीन तेलं बोटानं पातळ फासून गच्चीवर ठेवा. जवसावर काही दिवसांत साय धरते, करडई त्याच्यामागून हळूहळू येते, आणि शेंगतेल आठवड्यानंतरही बोटाला लागतं. कडक भाकरीसाठी बिडाचा तवा तेल लावून मुरवतात, त्यावर जो काळा गुळगुळीत थर बसतो, तोही हाच. तिथे फक्त उष्णतेनं घाई केलेली असते.

माणसाला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते उकळलेलं जवसाचं तेल. कच्छमधल्या निरोणा गावात एरंडेल उकळून घट्ट केलेल्या रोगणानं कापडावर नक्षी काढतात. आणि करडईचं जाळून काळं, चिकट केलेलं तेल पूर्वी विहिरीच्या दोरांना आणि पाण्यात भिजणाऱ्या कातड्याला चोपडत, म्हणजे ती कुजत नसत. एकोणिसाव्या शतकातल्या शेतमालाच्या नोंदींमध्ये त्याचा उल्लेख आहे. म्हणजे आपली करडई ताटात यायची तशी मोटेवरही होती.

पण बेलतेलाला वेळ लागतो. एक हात दिला की दिवसभर थांबा, घोटा, परत हात द्या. लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट-मँगनीजचे क्षार घालतात, आणि त्यातल्या कोबाल्टबद्दल आरोग्याच्या कारणानं आता शंका आहेत. शिवाय वाळताना उष्णता सुटते. बेलतेलानं भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. पॉलिशवाल्यांनी ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. विषयाला सोडून असलं तरी हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

माझे मामा साखर पेठेत पॉलिशचं काम करायचे. आधी फ्रेंच पॉलिश, पुढे लॅकर आणि मेलामाइन. फवाऱ्याच्या डब्यात जे भरायचे त्यातला निम्म्याहून जास्त भाग थिनर असायचा. लाकडावर राहायचं ते थोडं, बाकीचं हवेत, म्हणजे मामांच्या छातीत. संध्याकाळी घरी आले की डोकं धरून बसायचे. उजेडात गोठणाऱ्या रोगणाची पहिली मोठी गोष्ट हीच की त्यात उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं. जेवढं लावाल तेवढं सगळं थरात राहतं.

उजेडानं द्रव गोठतो हे तुम्ही बहुधा स्वतःच्या तोंडात पाहिलंय. दाताच्या डॉक्टरांनी मऊ मसाला भरला, निळा दिवा धरला, आणि अर्ध्या मिनिटात तो मसाला दगडासारखा झाला. नखांचं जेल पॉलिशही असंच, फक्त दिवा जांभळट. दोन्हीकडे एक पदार्थ चिमूटभर घातलेला असतो, त्याला आपण ठिणगी म्हणू. रसायनवाले त्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. उजेडाचा ठराविक रंग त्याच्यावर पडला की तो फुटतो आणि त्याचे तुकडे इतके उतावळे असतात की शेजारच्या दुहेरी बंधाला धरतात. तो बंध उघडतो, पुढच्याला धरतो, आणि साखळी सुरू होते. बेलतेलाला दिवस लागतात ते इथे सेकंदांत होतं.

मग करडईच्या तेलात ही ठिणगी टाकून दिवा धरला की झालं, असं वाटेल. होत नाही. तेलातले दुहेरी बंध माळेच्या मध्यात दडलेले असतात, टोकाला नाहीत. साखळी तिथवर पोचली तरी तो शेजारचा सैल हायड्रोजन तिला थोपवतो. हवेच्या संथ कामाला जो हायड्रोजन उपयोगी पडत होता, तोच इथे अडथळा होतो. म्हणून तेलाला आधी तयार करावं लागतं.

तयारीची पहिली पायरी म्हणजे इपॉक्सी करणं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अॅसिटिक किंवा फॉर्मिक आम्ल यांच्या साहाय्यानं प्रत्येक दुहेरी बंधावर एक ऑक्सिजन बसवतात. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन असा इवलासा त्रिकोण तयार होतो. कार्बनच्या बंधांना एरवी १०९ अंशांच्या आसपासचा कोन मानवतो, इथे त्यांना ६० अंशांत कोंबलेलं असतं. त्यामुळे हा त्रिकोण दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा उघडायला टपलेला असतो. सोयाबीनचं असं तेल कारखान्यांतून वर्षानुवर्षं बनतंय. प्लास्टिकचे पाइप आणि चादरी मऊ ठेवायला ते घालतात. (ही क्रिया तापते आणि हाताबाहेर जाऊ शकते. विद्यार्थ्यांनी ती घरी करून पाहू नये.)

इथून दोन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेत त्या त्रिकोणावर अॅक्रिलिक आम्लाची क्रिया करतात. त्रिकोण उघडतो आणि माळेवर अॅक्रिलेट नावाचा नवा हात फुटतो. त्याच्या टोकाचा दुहेरी बंध उघडा, मोकळा, धरायला सोपा. हे तेल ठिणगीला लगेच प्रतिसाद देतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे ते काकवीसारखं घट्ट होतं, ब्रशला ओढवत नाही. पातळ करायला छोटे रेणू घालतात. ते थिनरसारखे उडून जात नाहीत, विणीत अडकतात, ही जमेची बाजू. पण ते बहुतेक खनिज तेलापासून आलेले असतात आणि कच्चे असताना हाताला लागले तर काहींच्या कातडीला कायमची अॅलर्जी जडते. दुसरी अडचण म्हणजे हवा. ऑक्सिजन त्या उतावळ्या तुकड्यांना मधल्यामध्ये पकडून थंड करतो. त्यामुळे खालचा थर घट्ट होतो आणि वरचा पातळसा पापुद्रा चिकट राहतो. बेलतेल ज्या हवेच्या जिवावर वाळतं, त्याच हवेमुळे हे रोगण वरून ओलं राहतं. एकाच तेलाच्या दोन रूपांना हवेची इतकी उलटी वागणूक मिळते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ फळ्यासमोर उभा होतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते. तिथे त्रिकोण तसाच ठेवतात आणि ठिणगी वेगळी घेतात: उजेड पडला की तीव्र आम्ल सोडणारी. त्या आम्लानं एक त्रिकोण उघडला की तो शेजारचा उघडतो, अशी रांग लागते. हे ओनियम नावाचे क्षार १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना जेम्स क्रिव्हेलो यांनी पुढे आणले, आणि १९९२ मध्ये त्यांनी इपॉक्सी केलेली वनस्पती तेलं या पद्धतीनं गोठवून दाखवली. या वाटेवर ऑक्सिजनची आडकाठी नाही. गोठताना थर आकसतोही कमी, म्हणून पत्र्याला नीट धरून राहतो. आणि दिवा विझला तरी काम थांबत नाही; आम्ल एकदा सुटलं की अंधारातही त्रिकोण उघडत राहतात.

मामांना मी हे सगळं एकदा चहावर सांगितलं होतं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाळा, उजेडानं वाळतं म्हणतोस, तर मग खुर्चीच्या पायाच्या आतल्या बाजूला, खाचेत, कोपऱ्यात काय? तिथं तुझा दिवा जायचा नाही." मी कितीतरी शोधनिबंध वाचले होते, पण या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न मला मामांनी विचारला. म्हणूनच आजवर उजेडाचं रोगण सपाट वस्तूंवर पसरलं: छापील डबे, फरशीच्या फळ्या, प्लायवूडचे तक्ते. कोरीव कामावर ते अडखळतं. दुसऱ्या वाटेची अंधारातली चाल थोडी मदत करते, पण आम्ल फार दूर सरकत नाही. म्हणून आता दुहेरी मसाला करतात: जिथे उजेड पोचतो तिथे उजेड, जिथे नाही तिथे नंतर उष्णता किंवा हवाच. तेलाचं रोगण इथे इतरांपेक्षा सरस ठरू शकतं, कारण काही दुहेरी बंध मुद्दाम शिल्लक ठेवले तर ते पुढे हवेनं सावकाश विणले जातात, आपल्या डब्याच्या तोंडासारखे.

उजेडाच्याच आणखी दोन गोष्टी. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो ४०० नॅनोमीटरहून आखूड लहरींचा जवळजवळ सगळा उजेड स्वतः गिळतो. ठिणगीला काहीच उरत नाही, म्हणून पांढऱ्यासाठी थोड्या लांब लहरीवर फुटणारी ठिणगी लागते. काळा रंग त्याहून अवघड. दुसरं दिव्यांचं. पूर्वी पाऱ्याचे दिवे वापरत. ते अनेक लहरींचा उजेड एकदम देतात. पाऱ्यावर निर्बंध आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला आणि कारखाने एलईडीकडे वळताहेत. एलईडीला वीज कमी लागते, समोरची वस्तूही फारशी तापत नाही. पण तो ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटर अशा एकाच अरुंद पट्ट्यात उजेड देतो. वरचा पापुद्रा वाळवायला जो अगदी आखूड लहरींचा उजेड कामी यायचा, तो त्यात नाही. म्हणजे दिवा सुधारला आणि चिकट पापुद्र्याची तक्रार वाढली. त्यावर सल्फर असलेले थायॉल नावाचे रेणू घालतात. ऑक्सिजननं थंड केलेल्या साखळीला ते पुन्हा पेटवतात, आणि तेलातल्या दडलेल्या दुहेरी बंधांनाही थेट जोडतात. वास मात्र सहन करावा लागतो.

ठिणग्यांचीही निवड बदलते आहे. टीपीओ नावाची एक लोकप्रिय ठिणगी प्रजननक्षमतेला घातक ठरवून युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या जेलमध्ये बंद केली. तेल वनस्पतीचं घेतलं आणि ठिणगी घातक ठेवली तर काय साधलं?

आता मुख्य तक्रार: तेलाचं रोगण मऊ असतं. सुधारणा म्हणून जे काही चाललंय त्यातलं निम्मं याच मऊपणाशी भांडण आहे. कारण रेणूतच आहे. करडईच्या मुख्य मेदाम्लात, लिनोलेइकमध्ये, शेवटचा दुहेरी बंध बाराव्या-तेराव्या कार्बनमध्ये आहे. त्यापुढचे पाच कार्बन कशालाच जोडले जात नाहीत. ते चादरीच्या काठाच्या सुट्या दशांसारखे लोंबत राहतात आणि विणीला वंगण घालतात. जवसाच्या लिनोलेनिकमध्ये शेवटचा बंध पंधरा-सोळामध्ये, म्हणून सुटी दशी आखूड आणि थर टणक. शेंगतेलाच्या ओलेइकमध्ये बंध नऊ-दहामध्येच, पुढे आठ कार्बन मोकळे. त्यात जी थोडी संपृक्त, म्हणजे एकही दुहेरी बंध नसलेली, शेपटं असतात ती तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुटीच. या लोंबत्या शेपटांमुळेच थर लवचिक होतो, वाकवला तरी तडकत नाही. आणि त्यांच्यामुळेच त्यावर नखाचा ओरखडा उठतो. गुण आणि दोष एकाच जागेतून निघतात, म्हणून नुसता दोष कापून टाकता येत नाही.

यावरचा मला सगळ्यात देखणा वाटलेला उपाय साखरेचा आहे. ग्लिसरीनला तीनच शेपटं लावता येतात. साखरेच्या एका रेणूला आठ जागा असतात. ग्लिसरीनच्या जागी साखर घेतली, तिला तेलाची शेपटं लावली आणि त्यांचे दुहेरी बंध इपॉक्सी केले, तर एकाच रेणूवर कितीतरी जास्त त्रिकोण मिळतात, शिवाय मधला गाभा कडक. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत डीन वेबस्टर यांच्या गटानं सोयाबीनच्या तेलावर हे काम केलं. करडईचा हिशेब मी फळ्यावर मांडून पाहिला: आठही जागा भरल्या तर रेणूमागे १३ च्या आसपास त्रिकोण. साध्या करडईच्या तेलात पाच. ज्या जिल्ह्यात उसाच्या गाड्या रस्ता अडवतात आणि रब्बीत करडईची पिवळी फुलं दिसतात, तिथल्या मुलांसमोर हा हिशेब मांडताना आवाज थोडा चढतोच. साखरेचा आणखी एक उपयोग म्हणजे इटाकॉनिक आम्ल. ते एका बुरशीला साखर खाऊ घालून आंबवून काढतात, आणि अॅक्रिलिक आम्लाच्या जागी ते वापरून पाहण्याचं काम बरंच पुढे गेलंय.

कडकपणा आणायला इतरही गोष्टी विणीत मिसळतात. पिष्टापासून मिळणारं आयसोसॉर्बाइड, ज्यात दोन कडी एकमेकींना चिकटलेली असतात. चीड झाडाची राळ. कोकणातल्या काजूच्या टरफलातल्या तेलातून मिळणारं कार्डेनॉल. किंवा थेट वाळूचा भाऊ, सिलिका: अतिसूक्ष्म कण म्हणून, नाही तर सिलिकॉनचे द्रव संयुग तेलात मिसळून थरातच त्याचं जाळं उभं करून. सिलिकानं ओरखडे कमी होतात, पत्र्यावरची पकड वाढते. प्रमाण चुकलं तर थर ढगाळतो, किंवा पत्रा वाकवताच केसासारख्या भेगा पडतात. मिश्रणाचं प्रमाण ठरवणं हे मीठ घालण्यासारखं आहे. पुस्तकातला आकडा सुरुवातीपुरता.

मग ऊन. लाकडाला ऊन लागू नये म्हणून आपण थर देतो, आणि तोच थर उजेडानं गोठवायचा असतो. उन्हापासून वाचवणारे पदार्थ मसाल्यात घातले तर ते ठिणगीच्या वाट्याचा उजेड खातात. दुसऱ्या जातीचे रक्षक आहेत, पण ते अल्कलीधर्मी. आम्लाच्या वाटेवर ते आम्लच मारून टाकतात. तेवढ्याच कारणानं चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्यावर ही वाट चालत नाही. पाण्याची वाफही साखळी तोडते. दमट किनारपट्टीवर हा खरा त्रास आहे. आपल्याकडची वर्षातले कितीतरी महिने कोरडी राहणारी हवा मात्र इथे सोयीची. पिवळेपणाच्या बाबतीत करडई जवसापेक्षा उजवी. जवस पिवळं पडतं ते मुख्यतः लिनोलेनिकमुळे, आणि करडईत ते नगण्य असतं. पांढऱ्या रंगांसाठी करडईचं तेल घेण्याची रीत त्यातूनच आली.

एक गैरसमज मात्र मी वर्गात लगेच पुसतो. वनस्पतीपासून केलं म्हणजे मातीत विरघळेल असं नाही. एकदा घट्ट विणलेला थर मातीला ओळखू येत नाही. मूळ झाडाचं असल्यानं खनिज तेल वाचतं, थिनर वाचतं. पण फेकल्यावरचा प्रश्न शिल्लक राहतो. तो सोडवायला विणीतच पुन्हा उघडता येतील अशा गाठी घालण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

आणि खाण्याच्या तेलाचं काय? आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. अशा वेळी ताटातली करडई काढून फर्निचरवर चढवा असं मी म्हणणार नाही. सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं करडईवर कित्येक दशकं काम केलंय; भीमा, फुले कुसुमा या जाती इथल्याच. ते शेतकऱ्याच्या आणि घराच्या तेलासाठी आहे. माझी नजर डाळिंबावर आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. रस काढल्यावर बिया उरतात. त्या वाळवल्या की त्यांच्यात साधारण १२ ते २० टक्के तेल असतं, आणि त्या तेलाचा बहुतांश भाग म्हणजे प्युनिसिक आम्ल. या आम्लात तीन दुहेरी बंध, मध्ये फक्त एकेक एकेरी बंध सोडून, सलग बसलेले असतात. जगातलं सगळ्यात लवकर वाळणारं तेल म्हणून ज्याची ख्याती आहे, त्या चिनी टंग तेलातल्या आम्लाचं हे अगदी जवळचं भावंड. सलग बसलेले बंध एकमेकांना मदत करतात; आम्लाच्या ठिणगीला ते इपॉक्सी न करताही दाद देऊ शकतात. आज हे तेल महाग आहे आणि कातडीच्या क्रीममध्ये जातं. बिया ओल्या राहिल्या तर आंबतात, तेल उजेडात ठेवलं तर स्वतःच घट्ट व्हायला लागतं. तरी रसाच्या कारखान्याबाहेर बियांचे ढीग पाहिले की मला राहवत नाही.

थर सुधारला की नाही हे कसं ठरवायचं? पद्धती साध्या आहेत आणि कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमतात. सहा बी ते सहा एचपर्यंतच्या पेन्सिली ओळीनं टेकवून ओढायच्या. ओरखडा न पाडणाऱ्यांतली सगळ्यात कडक पेन्सिल ती त्या थराची टणकता. ब्लेडनं जाळी कापून चिकटपट्टी लावायची आणि झटक्यात ओढायची. किती चौकटी उचलल्या ते मोजायचं. कापसाला तीव्र द्रावक लावून थर पुढे-मागे घासायचा. कितव्या फेरीला खालचा पत्रा दिसला त्यावरून वीण किती घट्ट ते कळतं. गोल दांडीभोवती पट्टी वाकवायची आणि भिंगातून भेगा शोधायच्या. हातमोजे आणि जांभळ्या उजेडापासून डोळे वाचवणारा चष्मा घातल्याशिवाय यातलं काहीही करू देत नाही मी.

शेवटची परीक्षा गच्चीवर. पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या बांधायच्या आणि मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत हात लावायचा नाही. आधी पिवळेपणा दिसतो, मग चमक उतरते, आणि सगळ्यात शेवटी कडा सुटायला लागतात. म्हणून नोंद करताना मी मुलांना मधला भाग नाही, कडाच आधी पाहायला सांगतो. मामा तेच करायचे: जुनं पॉलिश चांगलं आहे की नाही हे बघायला ते टेबलाच्या कडेखाली अंगठ्याचं नख घालायचे.